वहीत न लिहिलेलं

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कपडे आखूड-लांब करून देण्याचं तिचं दुकान होतं, आणि तोंडात चार-पाच टाचण्या धरूनच ती गिऱ्हाइकाशी बोलायची. बोलायचीही टाचणीसारखंच. म्हणून चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी केव्हातरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तोंडावर सगळे तिला ताईच म्हणत. तोंडावर टाचणी म्हणायची छाती फक्त नवऱ्याची, आणि तोही म्हणायचा तो समोरच्या उघड्या घड्याळातून मान वर न काढता. दुकान दोघांत एकच होतं. अलीकडे तिचं शिलाई मशीन, पलीकडे त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, आणि मधे एक पडदा, जो भांडण झालं तरच ओढला जायचा.

आठवड्यातल्या दोन सकाळी मात्र तिचं मशीन बंद असे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हेडबाईंकडे जायची.

हेडबाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. मनात सगळं शाबूत, पण तोंडातून एखादा शब्द निघाला तर निघाला, तोही घाम गाळून. सोबतीला एक भाची राहायची, ती सकाळी सातला पोस्टात कामाला जायची ती दुपारी परतायची. तेव्हा अंग पुसणं, चादर बदलणं, केस विंचरणं, नखं काढणं हे सगळं टाचणी करत आली होती. सलग अकरा वर्षं. तापातसुद्धा तिचा मंगळवार कधी चुकला नव्हता.

याबद्दल तिला कुणाच्या आभारांची अपेक्षा नव्हती. अपेक्षा नाही, हे ती आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगायची. पाळकसाहेब उपासनेत म्हणायचे की प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा आपणही एकमेकांचे धुवावेत. बाकीची मंडळी मान डोलवायची आणि घरी जाऊन जेवायची. टाचणी मात्र खरोखरचे पाय धूत होती, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवून. मान डोलवणाऱ्यांकडे ती जरा तिरक्या नजरेनेच बघायची. आपण खरे शिष्य, बाकीचे नुसते श्रोते, असं तिने कधी उघड म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, ते तिच्या चालण्यात दिसायचं.

अशात बेकरीवाली आली.

कोपऱ्यावरची बंद पडलेली बेकरी तिने चालवायला घेतली. चाळिशीची, अंगाने भरलेली, नवरा वारलेला, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. उपासनेला ती दर रविवारी उशिरा यायची, कोपराला पीठ तसंच, आणि मग गाणी अशी मोकळ्या गळ्याने म्हणायची की ऑर्गनवाले काका सूर सोडून तिच्यामागे धावायचे. आठ महिन्यांत अख्खी मंडळी तिची झाली. कोण आजारी आहे याचा तिला कुठून वास लागायचा देव जाणे, पण त्या दारात सकाळी ताजा पाव ठेवलेला असायचा, चिठ्ठी नाही, काही नाही.

"उरलेला पाव वाटायला काय लागतं?" टाचणी नवऱ्याला म्हणाली.

"उरलेला नसतो तो. गरम असतो," नवरा म्हणाला. "मागे मी आजारी होतो तेव्हा आपल्याही दारात होता."

त्या दिवशी पडदा ओढला गेला.

पुढचं जे झालं त्याला टाचणी स्वतःच कारण, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. महिलांच्या बैठकीत तिने आपल्या गुडघ्याचं रडगाणं गायलं होतं. जिने चढताना कसं दुखतं, तरीही आपण कसे चढतो. तिला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी म्हणावं, अगंबाई, आणि तरी जाता! पण पाळकबाई पडल्या भल्या बाई. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या बैठकीत त्या हसून म्हणाल्या, "ताई, तुमचा भार आम्ही हलका केलाय हं. दर शुक्रवारी या बेकरीवाल्या बाई जातील. त्यांनी स्वतःहून विचारलं."

"मला कसला भार?" टाचणी म्हणाली. "मी कधी तक्रार केली?"

"नाही हो. पण अकरा वर्षं झाली. सेवेचा आनंद दुसऱ्यालाही मिळू द्या की."

आनंद हा शब्द टाचणीला झोंबला. बेकरीवाली समोरच्या बाकावरून म्हणाली, "ताई, मला काही येत नाही. पाव मळण्यापलीकडे माझ्या हाताला वळण नाही. एकदा तुमच्याबरोबर येऊन बघू का, तुम्ही कसं करता ते?"

एकदा येऊ द्यायला काय हरकत होती? काहीच नाही. पण त्या खोलीत, त्या पलंगापाशी, आपल्या बाजूला ही बाई उभी आहे हे चित्र टाचणीला सोसवेना. "कशाला दोघींची सकाळ मोडायची?" ती म्हणाली. "मी वहीत लिहून देते सगळं."

आणि खरोखर लिहून दिलं. दोन संध्याकाळी बसून, सुवाच्य अक्षरात, आकडे घालून. परात कुठे, मेणकापड कुठे. आधी तोंड, मग मान, मग हात, आणि पुसत असू तेवढाच भाग उघडा, बाकीचं अंग पांघरुणाखाली. कुशीवर वळवताना खांद्याला आणि कंबरेला धरायचं, हाताला ओढायचं नाही. चादर पलंगावर माणूस असताना कशी बदलायची, हे तर तिने चित्र काढून दाखवलं. बावीस कलमं झाली.

तेविसावं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लिहायला घेतलं आणि हात थांबला.

ते असं होतं, की हेडबाईंच्या उजव्या पायाला गरम कळत नाही. पाय हलत नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याला चटका कळत नाही हे हेडबाईंखेरीज फक्त टाचणीला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी एकदा तिच्या हातून पाणी जास्त कढत पडलं होतं. पाय लालबुंद झाला आणि हेडबाई शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या. टाचणीने घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पायाकडे पाहिलं, आणि दोघींनाही एकाच वेळी उमगलं. तेव्हापासून टाचणी पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायची. भाचीला सांगितलं नव्हतं, कारण भाची त्या पायाला कधी हात लावत नसे.

विचारू दे की तिला एखादी गोष्ट, असं टाचणीच्या मनात आलं. सगळं ताटात वाढून कशाला द्यायचं? अडेल, येईल, विचारील, ताई हे कसं हो? तेव्हा सांगू. कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं, हे शपथेवर सांगता येईल. तिला फक्त विचारलं जायला हवं होतं. तिने वही मिटली, पाळकबाईंच्या हातात दिली, आणि पाळकबाई म्हणाल्या, "किती बारकाईने लिहिलंय हो!"

बेकरीवाली अडली नाही. एक शुक्रवार गेला, दोन गेले, चार गेले. विचारायला कुणी आलं नाही. मंगळवारी टाचणी जायची तेव्हा खोलीत कुठे काही चुकलेलं सापडतं का ते बघायची. सापडायचं तसं. साबण भलत्याच जागी, टॉवेलची घडी उलटी. ती मोठा उसासा सोडून घडी सुलटी करायची आणि हेडबाईंना म्हणायची, "शुक्रवारी जरा गोंधळ होतो ना?" हेडबाई खिडकीबाहेर बघायच्या. टाचणीला वाटायचं की त्यांचं लक्ष आपल्याकडे नाही. भाची म्हणाली होती की शुक्रवारी मावशी सकाळपासून केस नीट करून मागते. मंगळवारी त्यांनी कधी मागितले नव्हते.

रात्रंदिवस एकच चाळा लागला. मशीनवर बसली की मनात शुक्रवार. कुणाच्या विजारीची शिवण उसवताना वाटायचं, आत्ता ती तिथे असेल. आत्ता मान पुसत असेल. आपण अकरा वर्षं जिने चढलो, आणि ही कालची आलेली! बेकरीवाली वाईट असती तर बरं झालं असतं. आळशी, खोटारडी, ढोंगी, काही एक असती. पण ती चांगली होती आणि तेच गिळवत नव्हतं. माणसाला शत्रूचा दुर्गुण सापडला नाही की तो त्याच्या गुणांवरच दात धरतो.

"तू सेवा करतेस की पहारा?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"तुमचं घड्याळ बघा," ती म्हणाली.

पाचव्या शुक्रवारी राहवेना. नखं काढायची कात्री तिथे विसरली असं सांगून ती निघाली. कात्री तिच्या पिशवीतच होती. जिना अर्धा चढली आणि वरून हसू ऐकू आलं. एक हसू बेकरीवालीचं, ते अख्ख्या गल्लीला पाठ होतं. दुसरं कुणाचं? टाचणी कठड्याला धरून थांबली. दुसरं हसू जुनं, घोगरं, मधेच तुटणारं होतं. हेडबाई हसत होत्या.

अकरा वर्षांत तिने ते ऐकलं नव्हतं. तिच्यापुढे हेडबाई कधी रडल्या होत्या, कधी चिडल्या होत्या, हसल्या नव्हत्या. टाचणीच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. वाटलं, जिन्यातच बसकण मारावी आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरावं. माझी जागा घेतली, माझी जागा घेतली. दुसरं काही सुचत नव्हतं.

दारातून बघते तर फरशीवर पाणी, परात पलंगाला लागून कलंडलेली, आणि बेकरीवाली ओलीचिंब. गाण्याचे शब्द विसरून तिने मनाचेच काही घातले होते, आणि हेडबाईंनी डाव्या हाताने, तो एकच चालत होता, तिला परातीतलं पाणी उडवलं होतं. त्याच हातात आता बेकरीवालीचं मनगट होतं.

"ताई! बरं झालं आलात," बेकरीवाली म्हणाली. "यांनी मला वर्गाबाहेर काढायचं ठरवलंय. आणि हो, एक विचारायचंच होतं. यांचे पाय बघा, बर्फ नुसता. थंडी वाढलीय ना. माझ्याकडे रबरी पिशवी आहे शेकाची. पुढच्या शुक्रवारी गरम पाणी भरून आणीन म्हणते, अंग पुसून झालं की पायाशी ठेवीन पांघरुणात. चालेल ना?"

म्हणजे शेवटी विचारलं. पाच आठवडे ज्याची वाट बघितली ते तिने विचारलं, तेही नेमकं तेच. टाचणीच्या जिभेवर उत्तर आलेलं होतं. पण हेडबाईंच्या डोळ्यांत अजून हसण्याचं पाणी होतं आणि त्यांचा हात अजून त्या मनगटावर होता.

"मला काय विचारता?" टाचणी म्हणाली. "तुम्हाला सगळं जमतंच."

हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं. टाचणीने कात्री शोधण्याचं नाटक केलं, सापडली म्हणाली आणि जिना उतरली.

घरी जाताना तिने हिशेब मांडला की अजून आठवडा आहे. सांगू. मंगळवारी हेडबाईंकडे गेली, पण तिथे बेकरीवाली कुठे होती सांगायला? गुरुवारी संध्याकाळी मुद्दाम बेकरीवरून गेली. आत गर्दी होती आणि पाळकबाई काउंटरशी उभ्या राहून बेकरीवालीचा हात थोपटत होत्या. टाचणी तशीच पुढे गेली. उद्या सकाळी लवकर सांगू, असं ठरवलं. शुक्रवारी सकाळी एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं, बाह्या आखूड करायच्या होत्या, दुपारी हवा होता. ती म्हणू शकली असती, तासाने या. ती म्हणाली, "बसा, लगेच देते." दोन्ही बाह्या उसवून, कापून, घालून होईतो साडेअकरा झाले. इतकं मन लावून तिने त्या महिन्यात एकही काम केलं नव्हतं.

दुपारी भाची पोस्टातून परतली तेव्हा बेकरीवाली पलंगाशी जमिनीवर बसून रडत होती. उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, भोवती सगळं लाल. अंग पुसता पुसताच हेडबाईंचा डोळा लागला होता, पिशवी ठेवली तेव्हा त्या झोपेत होत्या. पिशवी पांघरुणात तासभर पायाला चिकटून राहिली आणि कुणाला कळलं नाही, ज्यांचा पाय त्यांनाही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात, या पायाला, भरायला दोन महिने लागतील. चिघळलं तर मग काही सांगता येत नाही.

महिलांच्या बैठकीत बेकरीवाली उभी राहिली. तिच्या कोपराला पीठ नव्हतं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "वहीत जे होतं तेवढंच करायचं, जास्तीचं शहाणपण करायला नको होतं. मी आता कुणाच्या अंगाला हात लावणार नाही." आणि खाली बसली.

टाचणी वाट बघत होती. आता म्हणेल, मी यांना विचारलं होतं. म्हणाली नाही. टाचणीकडे एकदाही बघितलं नाही.

मग सगळ्या टाचणीकडे वळल्या. ताई, तुम्हीच हव्यात. अनुभव तो अनुभव. रविवारी पाळकसाहेबांनी नाव न घेता तिचं उदाहरण दिलं, की खरी सेवा गाजावाजा करत नाही, ती गुपचूप अकरा वर्षं जिने चढते. सगळी मंडळी वळून तिच्याकडे बघू लागली. एवढंच तर तिला हवं होतं. ते मिळालं, आणि तोंडात टाचण्या असताना गिळावं लागलं तर जसं होईल तसं तिला झालं. बेकरीवाली त्या दिवशी मागच्या बाकावर होती आणि गात नव्हती. ऑर्गनवाले काका अगदी सुरात वाजवत होते.

शुक्रवार परत आला. शुक्रवारच काय, आता पट्टी बदलायला रोजच जावं लागे. रोज ती टाच हातात घ्यायची. फोड फुटला, कातडी सोलली, खाली ओलं मांस. हेडबाईंना दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं टाचणीला वाटायचं. त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या. त्या नुसत्या उशीवरून बघत राहायच्या, एके काळी वर्गात कुणाची वही कोरी आहे हे जसं बघायच्या तसं. आणि पाचवा दिवस उजाडला तेव्हा टाचणीच्या हातून पट्टी सुटली.

"बाई," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

हेडबाईंचं तोंड हललं. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

"माहीत."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. त्या दिवशी प्रश्न विचारला गेला तेव्हा त्या पलंगावरच होत्या, कुठे गेल्या नव्हत्या. टाचणी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडली. म्हणाली, माझं जळत होतं, बाई. तुम्ही तिच्यापाशी हसलात. मी अकरा वर्षं येते, आणि तुम्ही तिच्यापाशी हसलात. मला क्षमा करा. तिला वाटलं, आता तो डावा हात डोक्यावर येईल. यायलाच हवा होता, इतकं रडल्यावर. मग हे दोघींतच राहील, खोलीतलं खोलीत, आणि उद्यापासून मन हलकं होईल.

हात आला नाही. हेडबाई शब्दाशी झगडत होत्या, कपाळाची शीर फुगली होती.

"आधी," त्या म्हणाल्या. आणि खूप वेळाने, "ती."

टाचणीला समजलं नाही असं तिने दाखवून बघितलं. हेडबाईंनी डावा हात उचलला आणि दाराकडे बोट केलं.

पट्टी नीट बांधून ती निघाली. घरी गेली असती तर नवऱ्याला सांगितलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी जाऊ म्हणाली असती, म्हणून घरी गेली नाही. बेकरीपुढे रांग होती. रांगेत तिच्या पुढेच ऑर्गनवाले काका. काकांच्या कानावर एखादी गोष्ट गेली म्हणजे गावभर दवंडी पिटली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टाचणीच्या मनात आलं, रांग संपू दे, मग येऊ. बाह्यांच्या कोटासारखंच आहे हे, हेही मनात आलं. ती रांगेत उभी राहिली.

"काय देऊ, ताई?" बेकरीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. चेहरा उतरलेला होता.

"उजव्या पायाला गरम कळत नाही, हे मला माहीत होतं," टाचणी म्हणाली. "नऊ वर्षांपासून. वहीत मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही मुद्दाम सांगितलं नाही."

पाव घेऊन निघालेले काका जागच्या जागी थिजले. बेकरीवालीने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक नसेल," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, तुमचं नाव कशाला घ्यायचं." मग तिचा चेहरा बदलत गेला. गळ्यापासून कानापर्यंत लाल झाली. "का पण? मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. त्या तुमच्यापाशी हसल्या."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"माझ्यावर राग होता तर माझ्या तोंडात मारायची होतीत," बेकरीवाली म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "पाय त्यांचा भाजला, ताई! त्यांचा! मी आठ दिवस कणकेला हात लावताना विचार करतेय की माझे हातच वाईट आहेत. आणि तुम्ही रविवारी बसून ऐकत होतात."

"हो."

रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकत होती. टाचणीला वाटलं, ही आता हाकलून देईल आणि ते बरं होईल. म्हणून ती म्हणाली, "येत्या रविवारी उभी राहून सांगते सगळ्यांना. परत तिथे जाणार नाही. तुम्ही जा."

"रविवारचं रविवारी बघा. काकांमुळे त्याचीही गरज उरणार नाही." बेकरीवालीने डोळे पुसले, पाव भरायची एक कागदी पिशवी ओढून काउंटरवर सपाट केली आणि कानामागची पेन्सिल काढली. "मी जायचं म्हणता ना? मग सांगा. त्या वहीत आणखी काय लिहिलेलं नाही?"

आणखी काही नाही, असं टाचणी म्हणणार होती. बावीस कलमं होती, तेविसावं सांगून झालं. पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की ते खरं नाही.

"पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघायचं," ती म्हणाली. "हात फसवतो."

बेकरीवालीने लिहिलं. "पुढे."

"उशी डाव्या बाजूला जरा उंच. नाहीतर त्यांना खिडकी दिसत नाही आणि सांगता येत नाही. केस विंचरताना टाळूवर एक जुनी खोक आहे, तिथे कंगवा लागला तर त्या डोळे मिटतात. दुखतं म्हणून समजायचं."

"पुढे."

एकेक सांगताना तिचा जीव तुटत होता. ही कलमं तिला कुणी शिकवली नव्हती, एकेक मंगळवार घालून तिने ती मिळवली होती. आणि मत्सर काही कबुली दिली म्हणून गेला नव्हता. तो तिथेच होता, समोरचे ते कणकेने मऊ झालेले हात बघून अजून डोकं वर काढत होता. बोटांमधली जागा कोरडी कशी करायची ते तिने सांगितलं. नखं कोणत्या बोटाची वाकडी वाढतात तेही. पिशवीची एक बाजू भरली, बेकरीवालीने ती उलटी केली.

"झालं?"

रांगेतल्या मागच्या बाईने खाकरून पाहिलं. टाचणी काउंटरपासून हलली नाही. एक राहिलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं कलमच नव्हतं. त्यासाठीच ती अकरा वर्षं जिने चढली होती, हे तिलासुद्धा आत्ताच कळत होतं.

"सगळं आवरलं," ती म्हणाली, "परात ठेवली, की लगेच निघायचं नाही. खुर्ची घेऊन डाव्या बाजूला बसायचं. बोलायचं नाही, गायचंही नाही. त्या हात पुढे करतात. तो धरायचा."

बेकरीवालीची पेन्सिल थांबली. तिने टाचणीकडे बघितलं, मग पुन्हा खाली मान घातली.

"किती वेळ?"

"त्या सोडतील तोपर्यंत," टाचणी म्हणाली. "आपण आधी सोडायचा नाही."